ओ द्यायची नाही

माझ्या खेळातलं शहर सतत कुठल्या ना कुठल्या संकटात असतं. त्याला माझा इलाज नाही. शहर सुखात असेल तर तीन शहाणी माणसं भर दुपारी आपापली कामं बाजूला सारून माझ्याकडे कशाला येतील? म्हणून मी कधी पूल पाडते, कधी सगळ्या आगगाड्या उलट्या पळवते, आणि मग ही तिघं आपापल्या अचाट शक्ती घेऊन शहर वाचवायला धावतात. सगळं लिहून. काय घडलं ते मी लिहायचं, आपण काय केलं ते त्यांनी लिहायचं, की पुन्हा मी. पडद्यावर नुसती अक्षरं, पण त्यांच्यामागे धावताना खरंच धाप लागते.

कल्पना माझ्या धाकट्या नणंदेची. टिल्ली झाल्यापासून माझी कादंबरी एका जागी रुतून बसली होती. "वहिनी, कादंबरी राहू दे गं," नणंद म्हणाली, "आमच्यासाठी एखादा गुंड तरी जन्माला घाल. आमच्या दवाखान्यात दुपारी चिटपाखरू नसतं." ती पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे फोन चालत नाही, ड्रॉवरमध्ये बंद ठेवावा लागतो. पण समोर कॉम्प्युटर असतो आणि त्यावर बाई काय बडवतायत ते पेशंटला दिसत नाही. खेळात ती पोलादीबाई आहे. तिला गोळी लागली तर गोळी वाकते. त्याच दवाखान्यातला दातांचा डॉक्टर म्हणजे भूकंपराव; तो भिंतीला हात लावतो आणि भिंत थरथरते. आणि तिसऱ्या म्हणजे नणंदेला शाळेत शिकवणाऱ्या गणिताच्या बाई, आता निवृत्त. त्यांनी स्वतःसाठी अदृश्या निवडली. "आयुष्यभर सगळ्या वर्गाचे डोळे माझ्यावर होते. आता पुरे," म्हणाल्या.

खेळाला दोन खोल्या आहेत. एक मैदान, एक कट्टा. मैदानात जे लिहिलं ते खेळातलं. तिथे कुणी 'मेलो' म्हणालं तरी घाबरायचं नाही. खरं काही सांगायचं तर कट्ट्यावर यायचं. हा नियम डॉक्टरमुळे करावा लागला. एकदा त्याने घाईघाईत 'रक्त थांबत नाहीये, जातो' असं मैदानात लिहिलं आणि पोलादीबाईने लगेच त्याच्या जखमेवर वितळलेलं लोखंड ओतलं. तो बिचारा खुर्चीतल्या पेशंटबद्दल बोलत होता.

मी सूत्रधार. आणि लेखिका असल्यामुळे वाईट सूत्रधार. मला शेवट आधी लागतो. कोण कुठे लपलंय, कोण कशाला रडणार, सगळं मी आधीच ठरवून ठेवते आणि मग त्या तिघांना गाईगुरांसारखं तिकडे हाकत नेते. परवा डॉक्टर कट्ट्यावर येऊन चिडला. "बाई, आम्ही तुमच्या खलनायकाला पकडायच्या आधीच तुम्ही त्याला पश्चात्ताप करवता. मग मी काय करायचं, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा? आम्हालाही विचारत जा की जरा."

"विचारून गोष्ट होते का?" मी म्हटलं.

"गोष्ट नाही होत," गणिताच्या बाईंनी लिहिलं. "खेळ होतो."

मला ते लागलं, पण माझा स्वभावच तो. पुढे काय होणार हे माहीत नसलं की मला चैन पडत नाही. टिल्ली झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते. खिडक्यांना जाळ्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, औषधं वरच्या फळीवर. तिला जिन्याच्या तोंडाशी सुद्धा एकटं सोडत नाही, उतरताना तिचा हात माझ्या हातात. नवरा म्हणतो, "तू ज्या गोष्टी लिहितेस त्या कधीच घडत नाहीत. मग ज्या गोष्टींची काळजी करतेस, त्या सगळ्या घडणारच असं का धरून चालतेस?" असं बोलायला त्याचं काय जातं? कारखान्याच्या फाटकावर फोन जमा करून आत जाणारा माणूस. शिफ्ट सुटेपर्यंत घरी आग लागली तरी ह्याला थंडच.

आणखी एक सवय सांगायला हवी. मी लिहिताना बोलते. टाइप करता करता प्रत्येक वाक्य पुटपुटते. संवाद असला तर आवाज काढून. टिल्ली शेजारच्या खोलीत झोपलेली असते, म्हणजे झोपलेली आहे असं मी समजते.

त्या आठवड्यात अदृश्येच्या शक्तीचे नियम ठरले होते. नुसतं दिसायचं नाही म्हणजे फार सोपं होतं, म्हणून मी नियम घातला: अदृश्या तेव्हाच अदृश्य, जेव्हा ती कुणाच्या हाकेला ओ देत नाही. ओ दिली की दिसली. "हाकेला ओ द्यायची नाही, काही झालं तरी ओ द्यायची नाही," असं मी मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं होतं.

"आणि माझी कमजोरी?" बाईंनी विचारलं. "प्रत्येकाला एक असते ना?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. डॉक्टरचा टोमणा ताजा होता.

बाईंनी लिहिलं, "चुकीचं उत्तर. समोर कुणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवत नाही. दुरुस्त केल्याशिवाय राहवणार नाही, आणि मग मी दिसणार."

"ही कमजोरी नाही, बाई, हे तुमचं आत्मचरित्र आहे," नणंदेने लिहिलं. मी एकटीच मोठ्याने हसले होते.

त्या दुपारी खेळ नुकताच सुरू झाला होता. शहरातल्या एका कारखानदाराचा मुलगा पळवला गेला होता. मुलाला कुठे ठेवलंय ते अर्थात मी ठरवून ठेवलं होतं. पोलादीबाई गोदामाचं दार उचकटत होती, तेवढ्यात आमचं दार आपटलं. आमचं, खरं. वाऱ्याने.

दार आपटलं म्हणजे ते उघडं होतं.

मला आठवलं. खेळाच्या जरा आधी पार्सलवाला आला होता. उशांचं मोठं खोकं होतं. मी ते दोन्ही हातांनी ओढत आत आणलं आणि दार पायाने ढकललं. खटका लागल्याचा आवाज झाला का? झाला असणार, असं मी तेव्हा म्हटलं असणार. वरची कडी लावली नव्हती हे नक्की.

मी उठून आधी दार लावलं. मग झोपायच्या खोलीत डोकावले. अंथरुणावर चादरीचा बोळा होता. टिल्ली नव्हती.

"टिल्ले?"

पलंगाखाली बघितलं. न्हाणीघरात, आधी बादलीत, मग बाकीचं. कपाट उघडलं. गॅलरीत जाळी जागच्या जागी होती, तरी मी खाली वाकून बघितलं. स्वयंपाकघर, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे. उशांच्या खोक्यात. "टिल्ले! टिल्लू! बाळा, कुठे आहेस?" काही नाही. घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर मला कुणाच्या श्वासासारखी वाटली.

मी फोन हातात घेऊन जिन्याकडे पळाले. वर गच्चीचं दार, त्याला कुलूप. समोरच्या काकूंचं दार बडवलं. "अगंबाई, नाही गं आली इकडे," म्हणत त्या तशाच पिठाच्या हातांनी माझ्यामागे निघाल्या. खाली वॉचमन खुर्चीवर होता.

"टिल्ली खाली आली का?"

"नाही ताई. मी तर इथेच बसलोय."

"सगळा वेळ?"

तो घुटमळला. "मध्ये पाण्याचा पंप लावायला मागे गेलो होतो. पण लगेच आलो."

"आणि फाटक?"

त्याने फाटकाकडे बघितलं. मीही बघितलं. लहान मूल आरामात निघेल एवढी फट होती. बाहेर रस्ता, गाड्या, वळणावर भाजीची दुकानं, आणि आपल्या तंद्रीत चाललेली माणसं. मी रस्त्याच्या ह्या टोकाला धावले, तो त्या टोकाला. ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी मान हलवली.

"पोलिसांना कळवू या का?" काकू म्हणाल्या. हा शब्द माझ्या डोक्यात होताच. त्यांनी उच्चारला म्हणून मला त्यांचा राग आला.

"आधी घरात परत एकदा बघते," मी म्हटलं. "तुम्ही इथे फाटकाशी थांबा, काकू. हलू नका."

जिना चढताना नवऱ्याच्या कारखान्याच्या फाटकावर फोन लावला. लागला नाही. नणंदेचा वाजत राहिला, म्हणजे ड्रॉवरमध्ये. तिला गाठायचा एकच रस्ता होता. चालता चालता मी खेळ उघडला आणि लिहिलं: 'मुलगी सापडत नाहीये. दार उघडं राहिलं होतं. लवकर या.'

घरात शिरेपर्यंत उत्तर आलं.

'भूकंपराव कान जमिनीला लावतो,' डॉक्टरने लिहिलं होतं. 'लहान पावलांची थरथर ओळखायचा प्रयत्न करतो. वा, सूत्रधार! आज मुलगा नाही, मुलगी? म्हणजे दुसरंच मूल? डाव चांगला टाकलात.'

मी मैदानात लिहिलं होतं.

'चुकून इथे लिहिलं, हे खरं आहे' एवढंच लिहायचं होतं. कट्ट्यावर जायला एक बोट लागतं. पण ते बोट पुढे जाईना. 'खरं आहे' हे शब्द मी लिहिले की ते खरं होऊन बसेल, असं काहीतरी मला वाटलं. मी हॉलच्या मधोमध उभी होते आणि पडद्यावर प्रश्न उमटत होते. शांत, एकामागून एक. माझ्या डोक्यात त्या क्षणी एवढीही शिस्त नव्हती.

'मुलीचं वय काय?' गणिताच्या बाई.

'तीन,' मी लिहिलं.

'शेवटची कुठे दिसली?'

'झोपली होती. झोपायच्या खोलीत.'

'झोपलेली तुम्ही बघितली, की झोपली असेल असं धरलं?'

'धरलं,' मी लिहिलं.

'सूत्रधार आज फार खरी उत्तरं देतायत,' डॉक्टरने लिहिलं. 'ओ बाई, तुम्हाला माहीतच आहे ती कुठे आहे. थोडी तरी दिशा द्या.'

प्रत्येक खेळात मला माहीत असतं. कुठल्या गोदामात, कुठल्या दाराआड, शेवटी कोण कुणाला उचलून घेणार. माझ्याच घरात कुठल्या दाराआड काय आहे ते मला माहीत नव्हतं.

'मला माहीत नाही,' मी लिहिलं.

'अंगावर काय आहे? काही खूण?' पोलादीबाई.

'निळा फ्रॉक. डाव्या भुवईवर व्रण. उंबऱ्याला ठेचकाळून पडली होती.'

तो उंबरा पोलादीबाईच्या घरचा होता. रक्त तिनेच पुसलं होतं. मग एकच शब्द आला, 'वहिनी???' आणि तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

'पोलादीबाई पळाली कुठे?' डॉक्टर. 'अहो, ती काउंटर सोडून खरंच पळाली! पर्सही इथेच टाकून गेली! काय चाललंय?'

त्याला उत्तर बाईंनी दिलं. 'डॉक्टर, आता तुम्ही काही लिहू नका.' मग मला: 'हाक मारलीत ना?'

'मारतेच आहे.'

'ओ येत नाही?'

'नाही.'

'मग हाक मारणं बंद करा.'

मी ते दोनदा वाचलं. बाईंना खरं काय ते कळलं होतं, की अजून खेळच चालू आहे असं त्या समजत होत्या, ते मला कळेना. पुढचं वाक्य आलं: 'नियम तुमचाच आहे. हाकेला ओ दिली नाही तर दिसत नाही. तुम्ही लिहिताना मोठ्याने बोलता, हे तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. घरात आणखी कोण ऐकत असतं?'

दोनच दिवसांपूर्वी टिल्ली जेवताना ताटामागे तोंड लपवून बसली होती. "मी आता कुणालाच दिसत नाही," ती म्हणाली होती. मी तिला घास भरवला होता आणि खेळात पळवायच्या मुलाचा विचार करत होते.

'कमजोरीही तुम्हाला माहीत आहे,' बाईंनी लिहिलं.

हो. आणि ती कमजोरी माझ्या मुलीला जन्मजात आहे. गोष्ट सांगताना मी सशाच्या जागी उंदीर म्हटलं तर अर्ध्या झोपेतून उठून ती माझं तोंड दाबते.

मी फोन टेबलावर ठेवला. हाक मारली नाही. आवाज शक्य तितका नेहमीसारखा केला, आणि रिकाम्या हॉलला सांगितलं, "टिल्लीचा आवडता रंग पिवळा आहे."

फ्रिज घरघरत होता.

"टिल्लीला कारल्याची भाजी फार आवडते."

काही नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि माझा जीव तिकडे धावला. घरात नसेलच तर? मी इथे भिंतींशी बोलत उभी आहे आणि ती तिकडे वळणावर, त्या गाड्यांच्या मधून... पुढचं वाक्य मी चुकीचं म्हणून बोललेच नाही. ते खरं असावं म्हणून बोलले.

"टिल्ली अजून लहान आहे. तिला एकटीला जिना उतरता येत नाही."

"येतो!"

माझ्या पायांजवळून.

"हात न धरता येतो!"

माझ्या लिहायच्या टेबलाखाली, भिंतीच्या बाजूला, इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं पडलेलं असतं. मी सगळं घर शोधलं होतं. टेबलाखाली बघितलं नव्हतं, कारण टेबलापाशी तर मीच होते. गाठोडं बाजूला सारलं तर मागे टिल्ली, गळ्याशी निळा टॉवेल बांधलेला, रागाने लाल झालेली.

"आता मी दिसते," ती म्हणाली. "तू खोटं बोललीस म्हणून."

मी तिला ओढून बाहेर काढलं, तिचं डोकं, हात, पाय चाचपून बघितले आणि तिथेच फरशीवर बसले. ओरडावं की कुशीत घ्यावं ते कळेना. शेवटी दोन्ही एकदम केलं. ती गुदमरून म्हणाली, "आई, टोचतंय."

नणंद दारात उभी राहिली तेव्हा तिच्या गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र उलटं झालं होतं आणि एक चप्पल हातात होती. मागे पिठाच्या हातांच्या काकू. "कुठाय?" मी बोट दाखवलं. नणंद भिंतीला टेकून खाली घसरली. "कार्टे," ती टिल्लीला म्हणाली, "तुला मी आता पोलादी हाताने धपाटा घालणार आहे." आणि तिचे मुके घेत सुटली.

सगळं सुटलं असं वाटत असतानाच ते वाक्य माझ्या डोक्यात फिरून आलं.

"टिल्ली," मी म्हटलं, "हात न धरता जिना येतो म्हणजे? तुला कसं माहीत?"

"आज उतरले ना."

नणंदेचा हात थांबला.

"कधी?"

"तू टकटक करत होतीस तेव्हा. दार उघडं होतं. खालपर्यंत गेले. वॉचमनकाका नव्हते. मग रस्ता बघितला." तिने टॉवेल खांद्यावर नीट केला. "खूप माणसं होती. मी कुणालाच दिसले नाही."

ती अभिमानाने सांगत होती. शक्ती चालली होती तिची. काकूंनी तोंडावर हात ठेवला, तोंडाला पीठ लागलं.

"मग?" मी विचारलं.

"मग कंटाळा आला. परत आले. तुझ्या मागून हळूच आले. तुला पण दिसले नाही."

थोड्या वेळाने नणंद दवाखान्यात परत गेली; डॉक्टर काउंटरवर बसून फोन घेत होता म्हणे, आणि लोकांना चुकीच्या वेळा देत होता. जाताना तिने वरची कडी स्वतः लावून बघितली, काढून बघितली. मी कट्ट्यावर लिहिलं, 'सापडली. घरातच होती.' डॉक्टरने इतक्या वेळा माफी मागितली की बाईंना त्याला थांबवावं लागलं. मी बाईंना विचारलं, 'तुम्हाला केव्हा कळलं?' त्यांनी लिहिलं, 'तुम्ही "मला माहीत नाही" म्हणालात तेव्हा. खेळात तुम्ही असं कधी म्हणत नाही.'

मी टिल्लीला ओट्यावर बसवलं. "नियम बदललाय," मी म्हटलं. "आईने हाक मारली की अदृश्येला सुद्धा ओ द्यावीच लागते. लगेच."

"कुणी बदलला?"

"सूत्रधाराने."

"मला विचारलं नाहीस."

"बरं," म्हटलं. "मग तू सांग. कसा करू या नियम?"

तिने विचार केला. विचार करताना ती पायाने ओट्याचं दार वाजवते, ठक ठक. "मी ओ देणार. पण तू एकदाच हाक मारायची. सारखी सारखी नाही. एकदा मारायची आणि थांबायचं."

"किती थांबायचं?"

"मी देईपर्यंत."

ह्यापेक्षा तिने माझ्याकडे चंद्र मागितला असता तरी चाललं असतं. पण हो म्हटलं. तिला खाली उतरवलं. ती टॉवेल फडफडवत आतल्या खोलीत गेली, आणि मी ओट्याला दोन्ही हात धरून उभी राहिले. इथून दाराची वरची कडी दिसते. लावलेली आहे. मी पुन्हा बघितलं, लावलेली आहे.

"टिल्ले," मी हाक मारली. एकदाच.

आणि थांबले.